अक्रोडाची खरखर

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ न्याहाळायची असेल तर खिडकीपाशी जावं आणि ती उजेडाला तिरपी धरावी. समोरून पडणारा उजेड लाकडाचा रंग दाखवतो, त्यातल्या रेषा दाखवतो, पण पृष्ठभाग झाकून टाकतो. उजेड बाजूने घसरत आला की अक्रोडाच्या तपकिरी अंगावरचे हजारो बारीक खळगे उठून दिसतात. प्रत्येक खळग्याच्या कडेला लाकडाचा एक चिमुकला उंचवटा, आणि त्या उंचवट्यांना ना रांग ना दिशा. मग हळूहळू लक्षात येतं, की ही खरखर सगळीकडे सारखी नाही. बोटांच्या बाजूला ती दाट आहे, तळव्याच्या फुगवट्यावर विरळ होत गेली आहे, अंगठ्याच्या बेचक्यापाशी जवळजवळ विरून गेली आहे. नेमबाज या कामाला स्टिपलिंग म्हणतात. जातं गुळगुळीत झालं की पाथरवट दारी येऊन त्याला टाकी लावून देत असत. इथे दगडाच्या जागी अक्रोड आहे आणि दाण्याच्या जागी माणसाची कातडी, एवढाच फरक.

नळी, घोडा, हवेचा सिलिंडर, मागची खाच आणि पुढची माशी यांवर नेमबाजीची पुस्तकं पानंच्या पानं लिहितात. मुठीच्या आकारावरही लिहितात. पृष्ठभागाच्या वाट्याला मात्र ‘मूठ हातात सरकू नये म्हणून ती खरखरीत असावी’ एवढं एकच वाक्य येतं. ते खोटं नाही, पण त्यातून हाती फार थोडं लागतं. मला या पृष्ठभागाचं जे अप्रूप आहे ते निराळ्या कारणासाठी. चांगली खरखर नेमबाजाला पिस्तूल घट्ट धरायला लावत नाही. ते सैल धरूनही चालेल, असा भरवसा देते. आणि हा भरवसा ती हाताच्या कुठल्या भागाला द्यायचा व कुठल्या भागाला द्यायचा नाही, हे निवडून देते. मुठीची सगळी कला त्या निवडीत आहे.

हा भरवसा किती नाजूक कामासाठी लागतो ते आधी पाहू. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. वर्तुळाच्या रेषेला छर्ऱ्याची कड शिवली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरलं, तर पिस्तुलावर हे ८ मिलिमीटर पाव मिलिमीटरएवढे उरतात. माशी खाचेत पाव मिलिमीटर इकडे-तिकडे झाली की दहा गुण हातचे गेले. शिवाय आता अंतिम फेरीत दशांशांत गुण मोजतात. दशांशाची एक पायरी म्हणजे लक्ष्यावर ०.८ मिलिमीटर, माशीपाशी पाहिलं तर केसाच्या जाडीहूनही कमी. २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरने २२१.७ गुणांवर कांस्यपदक घेतलं, तेव्हा पुढच्या टप्प्यात जाणाऱ्या कोरियाच्या किम येजीपासून ती ०.१ गुणाने मागे होती. पूर्ण अंतिम फेरीच्या बेरजेत एवढाच फरक. ज्या खेळात पदकाचा रंग असा ठरतो, त्यात तळहात आणि लाकूड यांच्यामधल्या जागेत काय घडतं याकडे ‘सरकू नये’ एवढं म्हणून पाठ फिरवता येत नाही.

आता हाताकडे येऊ. एअर पिस्तूल एका हाताने, हात सरळ लांबवून, कुठल्याही आधाराविना धरायचं असतं. नियमाने त्याचं वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालतं. वापरातली बहुतेक पिस्तुलं किलोभराच्या आसपास असतात. हे वजन पेलण्याचं काम मधलं बोट आणि अनामिका करतात. ती दोन बोटं मूठ सरळ मागे, तळव्यात दाबतात. करंगळी नुसती टेकलेली असते. अंगठा विसावलेला असतो, त्याने दाबायचं नसतं. तर्जनी लाकडापासून पूर्ण सुटी, कारण तिला घोडा ओढायचा आहे. एअर पिस्तुलाच्या घोड्यावर किमान ५०० ग्रॅमचा दाब यावाच लागतो, आणि तो देताना बाकीची बोटं जागची हलता कामा नयेत.

अडचण नेमकी इथे आहे. बोटांचे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. तर्जनी मिटली की शेजारची बोटंही थोडी मिटू पाहतात. हाताची पकड जितकी जोरदार तितका स्नायूंचा कंपही मोठा. घामाची गोष्ट तर आणखी न्यारी. तळहाताच्या घामग्रंथी उन्हापेक्षा मनाचं ऐकतात. वातानुकूलित सभागृहातही, शेवटच्या पाच गोळ्यांच्या वेळी, तळवा ओला होतो. किंचित दमट कातडी कोरड्या कातडीपेक्षा चांगली चिकटते, पण ओलावा वाढून त्याचा थर झाला की तीच कातडी निसटू लागते. निसटण्याची पहिली चाहूल लागताच नेमबाज नकळत मूठ आवळतो. आवळली की कंप वाढला, शेजारची बोटं जागी झाली, घोडा ओढताना माशी डावीकडे-खाली गेली. नेमबाज म्हणेल घोडा चुकला. खरं तर बिघाड त्याच्याही आधी झाला होता, कातडीला लाकडाचा विश्वास वाटेनासा झाला त्या क्षणी.

खळगे इथे दोन कामं करतात. त्यांचे उंचवटे कातडीत अगदी थोडेसे रुततात, त्यामुळे कमी दाबातही मूठ जागेवर राहते. आणि त्यांच्या खोलगट भागात घामाला जायला जागा मिळते, म्हणून उंचवट्यांची टोकं कोरडी राहतात. पकड जितक्या कमी जोरात निभावते तितका हात शांत. बाकी सगळं सौंदर्य या साध्या हिशोबावर उभं आहे.

पण मग सगळी मूठच दाट खरखरीत का करू नये? पुष्कळ जण करतात. मला ती मूठ वाचताच येत नाही. तिच्यात सगळंच ठळक असतं. चांगल्या मुठीवरून अंगठा फिरवावा, म्हणजे ती कशी बोलते ते कळतं.

सुरुवात पुढच्या बाजूने करू, जिथे मधलं बोट आणि अनामिका वळसा घालतात. इथली खरखर सर्वांत दाट हवी, आणि ती बोटांच्या मधल्या पेरांना लागायला हवी, टोकांना नको. टोकांशी खरखर असली की बोटं टोकांनी पकडू लागतात आणि दाब सरळ मागे न जाता आडवा जातो. मुरलेला कारागीर बोटांचा वळसा जिथे संपतो तिथे खळगे हळूहळू विरळ करतो, एकदम थांबवत नाही. हे विरत जाणं बोटांना फार नेमकं कळतं. ‘इथपर्यंत तुझं काम, पुढे नुसतं टेक,’ असं ती कड सांगत असते.

तळव्याच्या फुगवट्यावर खरखर मध्यम असते. हा फुगवटा तळहाताच्या खोलगट भागात बसतो. तिथे दाब पसरट असतो, टोकदार नसतो, म्हणून तिथे टोचणारा पृष्ठभाग नको. बेचक्यापाशी, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीत मुठीचा जो वरचा भाग घुसतो तिथे, मला तरी लाकूड जवळजवळ गुळगुळीत आवडतं. हात मुठीत शिरतो तो याच वाटेने. बेचकं वर सरकत सरकत आपल्या जागी जाऊन बसलं पाहिजे, आणि रोज तीच जागा त्याला सापडली पाहिजे. तिथे खरखर असली तर हात जिथे पहिल्यांदा लागतो तिथेच अडकतो, मग ती जागा दोन मिलिमीटर चुकलेली का असेना. खरखरीत पृष्ठभागाला बरोबर-चूक कळत नाही. तो चुकीची पकडही तितक्याच इमानाने धरून ठेवतो. ही गोष्ट फार थोड्या जणांच्या लक्षात येते, म्हणून मी तिच्यावर थोडा जास्त रेंगाळतो आहे. घसरण हा नेमबाजाचा शत्रू मानतात, पण हात मुठीत जाऊन बसेपर्यंत घसरण त्याची सोबतीण असते. बसल्यानंतर ती नको. एकाच लाकडावर या दोन्ही गोष्टी साधायच्या, शिरताना वाट आणि शिरल्यावर ठाव, हे ज्याला जमलं त्याची मूठ मी हातातून खाली ठेवत नाही.

अंगठ्याच्या कट्ट्यावर खरखर नको, निदान दाट तरी नको. अंगठ्याला काही धरण्यासारखं मिळालं की तो धरतो. तर्जनीच्या खालची बाजू तर साफ, घासून-पुसून गुळगुळीत आणि शिवाय थोडी खोदलेली हवी, म्हणजे घोडा ओढणारं बोट लाकडाला घासणार नाही. आणि सगळ्यात खाली तळव्याचा कट्टा. करंगळीच्या बाजूचा तळवा त्यावर विसावतो आणि पिस्तुलाचं काही वजन तो खालून उचलतो. कारखान्यातून येणाऱ्या पुष्कळ मुठींवर या कट्ट्यालाही सरसकट खळगे असतात. मला ते कळत नाही. कट्टा खालून आधार देतो, त्याला घर्षणाची फारशी गरज नाही. उलट तिथला तळवा थोडा फिरून नीट टेकायला मोकळीक हवी.

या सगळ्याला नियमांची चौकट आहे आणि ती मला आवडते, कारण तिच्यामुळेच पृष्ठभागाला महत्त्व आलं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ म्हणतो, मुठीने हाताला वेढा घालता कामा नये. तळव्याच्या कट्ट्याचा मुठीशी होणारा कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. अंगठ्याला वर जायची वाट मोकळी हवी. मनगटाला कुठलाही आधार नको, ते उघडं दिसलं पाहिजे. एअर पिस्तूल सगळ्या अंगासह ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात मावलं पाहिजे. म्हणजे हाताला आकाराने कैद करण्याची सोय नियमाने काढून घेतली. उरला तो पृष्ठभाग.

५० मीटर फ्री पिस्तुलाची गोष्ट वेगळी होती. तिथे मूठ हाताला चहूबाजूंनी लपेटायची, अगदी मनगटाच्या अलीकडेपर्यंत. त्या मुठी लाकूडकामाचा कळस होत्या, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. रिओत २०१६ साली हा प्रकार ऑलिंपिकमध्ये शेवटचा झाला. पण त्या मुठींचा पृष्ठभाग पाहिला तर तो बहुधा साधा असे. हात चहूबाजूंनी बसवलेला असल्यावर खरखरीला सांगण्यासारखं फारसं उरत नव्हतं.

स्टिपलिंगच्या आधी आणि आजही तिच्या शेजारी, दुसरी एक रीत आहे, चेकरिंगची. लाकडावर किंवा पोलादावर दोन दिशांनी तिरक्या समांतर रेषा कोरायच्या, म्हणजे एकमेकींना छेदून त्यांच्यामध्ये बारीक टोकदार चौकड्या उभ्या राहतात. किती बारीक ते इंचातल्या रेषांवरून मोजतात. १९११ धाटणीच्या पोलादी पिस्तुलाच्या पुढच्या बाजूला इंचाला २० किंवा २५ किंवा ३० रेषा घालतात. २० म्हणजे रांगडं, ३० म्हणजे सभ्य. चांगलं चेकरिंग दिसायला अप्रतिम असतं. एका रेषेचा हात चुकला की सगळा पट्टा बिघडतो, म्हणून ते कारागिराची परीक्षाही घेतं. तरीही हाताच्या घडणीबरहुकूम कोरलेल्या मुठीवर ते मला परकं वाटतं. या मुठीवर सपाट जागाच नसते. प्रत्येक भाग दोन-दोन दिशांना वळलेला, आणि अशा वळणावर समांतर रेषा समांतर राहत नाहीत; कुठे त्या एकमेकींत शिरतात, कुठे फाकतात. खळग्यांना दिशाच नाही, म्हणून ते कुठल्याही वळणावर बसतात आणि कुठेही विरू शकतात. चेकरिंगला कड लागते. स्टिपलिंगला कड लागत नाही, आणि वर सांगितलेलं विरत जाणं तिलाच जमतं.

वेगाच्या नेमबाजीत, म्हणजे १९७६ साली अमेरिकेतल्या कोलंबिया गावी स्थापन झालेल्या आयपीएससीच्या परंपरेत, हे सगळे हिशोब उलटे होतात. तिथे दोन हात, मोठी काडतुसं, जोरदार हिसका, आणि गोळ्यांच्या मधला वेळ सेकंदाच्या अंशांत. तिथले नेमबाज प्लॅस्टिकच्या मुठीला तापल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने डागून खळगे पाडतात, नाहीतर स्केटबोर्डवर लावतात तसली खरखरीत चिकटपट्टी कापून लावतात. काही जणांची मूठ इतकी धारदार असते की दिवसभराच्या सरावानंतर तळवा लाल होतो. त्यांच्या जागी ते योग्य आहे. हिसका येऊन गेल्यावर पिस्तूल तिथल्या तिथे सापडलं पाहिजे आणि विचाराला वेळ नाही. पण तीच पट्टी एअर पिस्तुलाला लावणारे नवशिके पाहिले की मला वाईट वाटतं. टोचणाऱ्या पृष्ठभागावर कातडीचं लक्ष टोचण्याकडे जातं, आणि माशी खाचेत कशी बसली आहे हे पाहायला जे लक्ष हवं ते तेवढं कमी होतं.

या दोन टोकांच्या मधे २५ मीटर पिस्तूल आहे, आणि पृष्ठभागाची खरी कसोटी मला तिथे दिसते. महिलांच्या या प्रकारात पॉइंट टू-टू काडतुसाच्या ३० गोळ्या सावकाश आणि ३० झपाट्याने मारायच्या असतात. झपाट्याच्या भागात हात खाली, उभ्या रेषेशी ४५ अंशांच्या आत. ३ सेकंदांसाठी लक्ष्य खुलं होतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी. मग ७ सेकंदांची विश्रांती, पुन्हा तेच, असं पाच वेळा. या पाच गोळ्यांच्या मधे मूठ नव्याने बसवायला वाव नाही. हिसका लहान आहे, पण आहे. दर गोळीला तो मूठ हातात केसभर वर ढकलतो. पृष्ठभाग कमी पडला तर पाचव्या गोळीला हात पहिल्या गोळीच्या जागी नसतो. खरखर जास्त झाली तर पहिल्या गोळीला जी पकड चुकली ती पाचव्यापर्यंत तशीच चुकलेली राहते.

हे वाचताना मराठी वाचकाच्या मनात राही सरनोबतचं नाव आलं असेल. कोल्हापूरच्या राहीने २०१३ साली कोरियातल्या चांगवॉनला विश्वचषकात याच प्रकारात सुवर्ण घेतलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पालेंबांगला, अंतिम फेरी ३४-३४ अशी बरोबरीत सुटली. शूट-ऑफमध्ये पुन्हा बरोबरी. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये थायलंडच्या प्रतिस्पर्धीला मागे टाकून ती आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. अंतिम फेरीत १०.२ किंवा त्याहून वरचा नेम तेवढा लागला असं धरतात, त्याखाली सगळं शून्य. ते चित्रण पाहताना माझी नजर तिच्या हात उचलण्यावर असते. हात वर येतो, थांबतो, गोळी सुटते, खाली जातो. आणि पाचही वेळा मनगट आणि मूठ यांच्यामधला कोन जसाच्या तसा. ती वर्षानुवर्षांची मेहनत आहे, लाकडाचं श्रेय नाही. पण असा हात ज्या लाकडावर विसंबतो ते लाकूड त्याला दगा देत नसणार, एवढं नक्की म्हणता येतं.

वापरलेली मूठ हातात आली की वाचनाला आणखी रंग चढतो. माझ्याकडे एका निवृत्त नेमबाजाची मूठ आहे, मध्यम आकाराची, उजव्या हाताची. तिच्या पुढच्या बाजूला दोन आडवे पट्टे चकचकीत झालेत, मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा. खळग्यांची टोकं घासून बसली आहेत आणि घामाने लाकूड काळपट पडलं आहे. करंगळीच्या जागी मात्र खळगे नवेकोरे आहेत. अंगठ्याच्या कट्ट्यावर तेलाची मूळ झळाळी तशीच. म्हणजे दाब दोनच बोटांनी गेला, तोही सरळ मागे. करंगळी आणि अंगठा वर्षानुवर्षं गप्प बसले. प्रशिक्षक शब्दांनी जे शिकवतात ते इथे लाकडात लिहिलेलं आहे. उलटं उदाहरणही असतं. अंगठ्याचा कट्टा चकचकीत झालेला दिसला की समजावं, हा माणूस अंगठ्याने दाबत होता आणि त्याच्या गोळ्या आडव्या पसरत होत्या. लक्ष्याचा कागद न पाहताही हे सांगता येतं.

आता हे काम करतात कसं, ते सांगायला हवं, कारण त्यातही रस आहे. मोठ्या कंपन्या मुठी वेगवेगळ्या मापांत देतात. स्वित्झर्लंडची मोरिनी तर मुठींच्याच कामातून पुढे आलेलं नाव आहे. ऑस्ट्रियाची श्टायर, जर्मनीची वाल्थर, इटलीची पार्दिनी यांच्या मुठीही आज मुळातच चांगल्या असतात. पण तुमच्या तळव्याचा फुगवटा कारखान्याला माहीत नसतो. म्हणून नेमबाज हाताला खडूची भुकटी लावून मूठ धरतो. भुकटी जिथे दाट उमटली तिथे लाकूड जास्त आहे. जिथे उमटलीच नाही तिथे पोकळी आहे. जास्तीचं कानशीने थोडं थोडं उतरवायचं, पोकळी लाकडाच्या लांबीने नाहीतर दोन भाग मळून होणाऱ्या एम-सीलसारख्या लगद्याने भरायची. लगदा ओला असतानाच मूठ नेम धरून पकडायची, म्हणजे हातच आपला ठसा घेतो. आकार पक्का झाल्याशिवाय पृष्ठभागाला हात लावू नये, याबद्दल मी आग्रही आहे. आकार चुकलेला असताना खरखर वाढवणं म्हणजे दुखण्यावर नुसती वेदनाशामक गोळी.

आकार जमला की मग खळगे. सावकाश काम करणारा टोकदार पोलादी पोगर घेतो आणि हलक्या हातोडीने एकेक खळगा पाडतो. घाई असलेला छोट्या विजेच्या यंत्राला गोल दातेरी पातं लावतो. यंत्राने लाकूड कापलं जातं, पोगराने ते दाबलंही जातं, म्हणून पोगराच्या खळग्यांची कड जास्त टिकते आणि बोटाला कमी बोचते. मला पोगराचंच काम पसंत. यानंतर पितळी ब्रशने सुटे तंतू झाडायचे आणि जवसाचं उकळलेलं तेल पातळ हाताने लावून लगेच पुसून घ्यायचं. पॉलिशचा जाड थर कधीही नको. तो खळगे भरून काढतो आणि सगळ्या मेहनतीवर काच चढवतो.

तेलाचं महत्त्व आपल्याकडे जास्त. अक्रोड ओलावा घेतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. उभ्या दिशेने फारसा नाही. वरळीच्या रेंजवर, समुद्राच्या कुशीत, जुलैमध्ये मूठ जशी हातात बसते तशी ती पुण्याला बालेवाडीत फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत बसत नाही. फरक डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला कळतो. मुंबईचा जाणता नेमबाज पावसाळ्यात मुठीला नव्याने कानस लावत नाही. तेलाचा एक हात देतो आणि हवा बदलायची वाट पाहतो. घामाचं मीठही लाकडात मुरतं. सरावानंतर मूठ ओल्या फडक्याने पुसून, कोरडी करून मगच पेटीत ठेवायची, ही सवय असलेल्यांचे खळगे वर्षानुवर्षं तिखट राहतात.

अलीकडे हाताचं त्रिमितीय स्कॅन घेऊन नायलॉनची मूठ छापून मिळते. आकार हुबेहूब येतो आणि खरखर संगणकावर आखता येते, कुठे दाट, कुठे विरळ, सगळं आकड्यांनी. ही वाट खोटी नाही. एखाद्या मुलीचा हात इतका लहान असतो की बाजारातली सर्वांत लहान मूठही तिला मोठी होते, आणि तिच्यासाठी हे वरदान आहे. पण स्कॅन होताना हात रिकामा असतो. पिस्तुलाचं वजन पडल्यावर तळवा पसरतो, बेचकं ताणलं जातं, कातडी सरकते. ते गणित अजून सरावानंतर, खडूची भुकटी लावून, थोडं थोडं उतरवत सोडवावं लागतं. आणि उतरवायची वेळ आली की नायलॉन कानशीखाली तंतू काढतो, त्यावरचे खळगे फाटल्यासारखे दिसतात आणि नवे पाडले तर कड धरत नाहीत. अक्रोड घासला की आत पुन्हा अक्रोडच निघतो, तितकाच घट्ट, आणि त्यावर पोगर पुन्हा पहिल्यासारखाच बसतो. मोठ्या स्पर्धेला आठ दिवस उरले असताना अनामिकेखालचं अर्धा मिलिमीटर लाकूड काढून तिथे नवे खळगे पाडायचे असतील, तर मी अजूनही लाकडाचीच मूठ मागेन.